पोवळ्याचा पहारा

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये एका गल्लीचं नाव आहे कोरल मर्चंट स्ट्रीट, म्हणजे पोवळ्याच्या व्यापाऱ्यांची गल्ली. सतराव्या-अठराव्या शतकात लंडन आणि इटलीतल्या लिव्होर्नो बंदराशी संबंध असलेले ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं जहाजाने मद्रासला आणत आणि त्या बदल्यात गोवळकोंड्याचे हिरे घेऊन परत जात. आता हिरा देऊन पोवळं घेणारा वेडा वाटेल, पण तेव्हा हा चोख व्यवहार होता. इथल्या बायकांना लाल पोवळ्याची माळ हवी होती आणि ते पोवळं इथल्या समुद्रात पिकत नव्हतं. तमिळमध्ये त्याला पवळम् म्हणतात. आपलं पोवळं आणि त्यांचं पवळम्, कानाला सख्ख्या बहिणीच वाटतात.

आपल्या घरांतही पोवळं असतंच. कुणाच्या अनामिकेत मंगळासाठी घातलेलं, कुणाच्या आजीच्या जुन्या माळेत, कुणाच्या औषधाच्या कपाटात प्रवाळ पिष्टीच्या रूपाने. नवरत्नांत ते माणिक-पाचूच्या पंक्तीला बसतं, म्हणून आपण त्याला खडा म्हणतो. पण माणिक जमिनीतून निघतं. पोवळं म्हणजे एका प्राण्याच्या वस्तीचा सांगाडा. आणि प्राणी म्हटला की तो जेवतो, वाढतो, पिल्लं घालतो आणि आजारीही पडतो. आज त्या शेवटच्या गोष्टीबद्दल बोलू या. ज्याला पळता येत नाही, ज्याच्या अंगात रक्त नाही, तो प्राणी आजाराशी लढतो कसा?

आधी थोडी ओळख. प्रवाळाचा एक प्राणी, ज्याला पॉलिप म्हणतात, तो म्हणजे जेमतेम एक पिशवी. वर तोंड, तोंडाभोवती शुंडांची झालर, आत पोट. पोटाला दुसरं दार नाही, म्हणजे खाणं आत जातं त्याच वाटेने उष्टं बाहेर येतं. मेंदू नाही, हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत. असे शेकडो-हजारो पॉलिप एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचं घर बांधत जातात. समुद्रपुष्प हे याच घराण्यातलं, पण बिऱ्हाड न बांधणारं. ते एकटं, मऊ आणि अंगाने मोठं असतं. ओहोटीच्या वेळी मालवण-रत्नागिरीकडच्या खडकांवर पाण्याच्या डबक्यात फुलासारखं उमललेलं काही दिसलं आणि बोट लावताच मिटलं, तर ते बहुधा हेच.

या दोघांकडे डंख करणाऱ्या पेशी असतात. पण डंख माशा-कोळंबीसाठी, शेजाऱ्याशी भांडण्यासाठी. जिवाणूला डंख मारून काय होणार? आणि समुद्राच्या पाण्यात जिवाणूंना तोटा नाही. एका चमचाभर पाण्यात ते लाखांनी असतात. म्हणजे आपल्याभोवतीची हवा जितकी शुद्ध, तितकं यांच्याभोवतीचं पाणी कधीच नसतं. अशा पाण्यात उघड्या अंगाने, एकाच जागी, काही प्रवाळ शेकडो वर्षं जगतात. यात काहीतरी बंदोबस्त असणारच.

पहिला बंदोबस्त ऐकून मुलं हसतील. तो म्हणजे शेंबूड. प्रवाळाचं सगळं अंग एका बुळबुळीत, चिकट थराने माखलेलं असतं. अंगावर पडलेली वाळू, गाळ, जिवाणू त्या थरात अडकतात आणि पेशींवरचे बारीक केसांसारखे तंतू तो थर हळूहळू पुढे ढकलून पाण्यात सोडून देतात. जुना थर गेला की नवा तयार. ही काही स्वस्तातली सोय नाही. काही जातींत तर अंगातल्या शैवालाने सूर्यप्रकाशावर तयार केलेल्या अन्नातला जवळजवळ अर्धा भाग या स्रावात खर्ची पडतो. पगारातला अर्धा हिस्सा पहारेकऱ्यावर घालवणारं घर कसं असेल, विचार करा.

शिवाय हा थर नुसता चिकट नाही, औषधीही आहे. फ्लोरिडाच्या समुद्रात सांबराच्या शिंगांसारखा फांद्या फुटणारा एक प्रवाळ आहे, अ‍ॅक्रोपोरा पाल्माटा. किम रिची या शास्त्रज्ञ बाईंनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की या निरोगी प्रवाळाच्या स्रावात परक्या जिवाणूंची वाढ रोखली जाते आणि हे काम बरंचसं त्या स्रावात मुक्काम ठोकून असलेले मित्र-जिवाणूच करतात. आपल्याकडे दुधाला चांगलं विरजण लागलं की दुसरे जंतू सहसा डोकं वर काढत नाहीत, तसंच. पण त्यांच्याच कामातली दुसरी नोंद काळजीची आहे. २००५ च्या तापलेल्या उन्हाळ्यात गोळा केलेल्या स्रावात हा गुण उरलाच नव्हता. पाणी तापलं, विरजण बिघडलं आणि पहारा देणाऱ्यांच्या जागी व्हिब्रिओ जातीचे जिवाणू येऊन बसले. कॉलऱ्याचा जंतू याच व्हिब्रिओंच्या कुळातला.

चिकट थर ओलांडून कुणी आत शिरलंच तर? इथे थोडं मागे जाऊ. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावात एल्या मेच्निकोव्ह नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेलेली, हा सूक्ष्मदर्शकापाशी एकटा. समोर ताराम्यांची काचेसारखी पारदर्शक पिल्लं. त्याच्या मनात आलं, यांना काटा टोचला तर काय होईल? त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि टोचले. सकाळी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. या पेशी परक्या वस्तूला वेढतात, गिळतात, पचवतात. त्यांना भक्षकपेशी म्हणतात, आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी त्याच जातीच्या. या कामासाठी मेच्निकोव्हला १९०८ चं नोबेल पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळालं.

ताराम्यात भक्षकपेशी सापडल्या. पण प्रवाळात आणि समुद्रपुष्पात नेमक्या कोणत्या पेशी हे काम करतात, हे हाती यायला २०२१ उजाडावं लागलं. मायामी विद्यापीठ आणि इस्राएलचं बेन-गुरियन विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस हा प्रवाळ आणि नेमॅटोस्टेला व्हेक्टेन्सिस हे इवलंसं समुद्रपुष्प घेतलं. त्यांच्या पेशी सुट्या केल्या आणि त्यांच्यापुढे चमकणाऱ्या रंगाचे जिवाणू, बुरशीचे कण आणि बारीक मणी ठेवले. जी पेशी गिळेल ती चमकेल, साधा हिशोब. एकूण पेशींपैकी सुमारे ३ टक्के पेशी चमकल्या आणि त्यांच्यातही किमान दोन प्रकार निघाले. हाच पोसिलोपोरा आपल्या लक्षद्वीपच्या आणि मन्नारच्या आखाताच्या पाण्यातही आहे.

३ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण शंभर माणसांच्या गावात तीन पोलीस म्हणजे कमी नव्हेत.

या पोलिसांना चोर ओळखू कसा येतो? पेशींच्या अंगावर काही प्रथिनं जिवाणूंच्या ठरावीक खुणा चाचपून बघतात. या प्रथिनांना टोलसदृश ग्राहक म्हणतात. आपल्यात ते दहा प्रकारचे आहेत. बोस्टनच्या एका गटाने २०१७ मध्ये दाखवलं, की नेमॅटोस्टेलात असा एकच ग्राहक आहे आणि तो व्हिब्रिओ कोरॅलिलिटिकस या प्रवाळमारक जिवाणूच्या शेपटीतलं प्रथिन ओळखू शकतो. मग आत जी घंटा वाजते, तिची साखळी आपल्या पेशींतल्या साखळीशी थेट जुळणारी. तापाच्या रात्री तुमच्या मुलाच्या अंगात जे चाललेलं असतं, त्याचा पहिला खर्डा कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी लिहिला गेला होता.

आपल्याकडे आणखी एक शस्त्र आहे, अँटिबॉडी. एकदा गोवर झाला की शरीर तो लक्षात ठेवतं. प्रवाळाकडे अँटिबॉडी नाहीत. म्हणजे त्याला काहीच आठवत नाही का? १९७७ मध्ये हवाईच्या मोंटिपोरा जातीच्या प्रवाळांवर एक प्रयोग झाला. दोन वेगळ्या वसाहतींचे तुकडे एकमेकांना खेटून ठेवले. काही दिवसांनी त्यांनी एकमेकांना नाकारलं, लागलेल्या जागची कातडी मेली. नंतर तेच परके पुन्हा भेटवले, तर दुसऱ्या वेळी नकार लवकर आला. भावकीत एकदा वाकडं आलं की दुसऱ्या खेपेला दारातूनच परत पाठवतात, त्यातला प्रकार.

इस्राएलच्या भूमध्य किनाऱ्यावरची एक हकीकत याहून चमत्कारिक आहे. ऑक्युलिना पॅटागोनिका नावाचा प्रवाळ तिथे दर उन्हाळ्यात पांढरा पडायचा. यूजीन रोझेनबर्ग यांच्या गटाने १९९० च्या दशकात सांगितलं, की हे व्हिब्रिओ शिलोई या जिवाणूचं काम आहे. प्रयोगशाळेत हा जिवाणू सोडला की प्रवाळ आजारी पडे. आणि मग २००३ च्या सुमारास तोच जिवाणू सोडला तरी प्रवाळ ढिम्म! गटाने असा तर्क मांडला, की प्रवाळाने स्वतः काही शिकण्याऐवजी अंगावरच्या जिवाणूंचा कुटुंबकबिलाच बदलला आणि नव्या बिऱ्हाडकरूंनी शत्रूला थारा दिला नाही. सगळ्या शास्त्रज्ञांना हे मान्य नाही. पांढरं पडण्यामागे मुळात जिवाणू होता का, इथपासून वाद आहे. मला तरी या वादात मजा वाटते, कारण दोन्ही बाजू तोच प्रश्न विचारतायत: प्रवाळ म्हणजे एक प्राणी, की एक वाडा?

वाडाच म्हणायला हवा. कारण प्रवाळाच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हावर साखर बनवतं आणि प्रवाळाचं बहुतेक पोट त्यावरच भरतं. प्रवाळाचे खुलणारे रंगही बरेचसे या शैवालामुळे. आता अडचण बघा. जी पेशी परक्याला गिळून मारते, तीच पेशी या परक्याला आत घेऊन सांभाळते. हे जमतं कसं? जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या एका गटाने २०२१ मध्ये समुद्रपुष्पाच्या पिल्लांवर काम करून उत्तर दिलं. पेशी वाटेत येईल ते शैवाल आत घेते. नको असलेलं शैवाल ती पचवत बसत नाही, सरळ बाहेर ओकून टाकते. जे शैवाल मित्राचं असतं, ते आत येताच पेशीची घंटा मंद करतं आणि म्हणून टिकून राहतं. थोडक्यात, पाहुणा राहावा म्हणून घरच्यांनी कुत्र्याला जरा गप्प केलेलं असतं. रोजच्या दिवसांत हे चालून जातं.

आजाराशी चाललेली लढाई कधीकधी डोळ्यांना दिसते, तीही आपल्याच समुद्रात. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले जे. रवींद्रन, चंद्रलता रघुकुमार आणि शेषगिरी रघुकुमार यांनी लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर पोराइट्स ल्युटिया हा प्रवाळ पाहिला. हा मोठ्या गोल धोंड्यासारखा वाढतो. काही धोंड्यांवर मेलेला भाग आणि जिवंत भाग यांच्या मधोमध एक गुलाबी रेघ होती. २००२ मध्ये त्यांनी या आजाराची ‘पिंक लाइन सिंड्रोम’ म्हणून नोंद केली. मेलेल्या भागावर नील-हरित शैवालाने ठाण मांडलेलं होतं आणि त्याला लागून असलेला जिवंत भाग गुलाबी झाला होता. पोराइट्स गुलाबी होतो तो अनेक कारणांनी. चपट्या कृमीचं पिल्लू आत शिरलं, शेजारून शैवाल घासलं, कुणी कुरतडलं, तरी त्या जागी गुलाबी सूज येते. आपल्या पायात काटा मोडला की भोवती लाल होतं, त्याचाच हा चुलता. म्हणजे ती रेघ आजाराची खरी, पण झुंजीचीही.

मग इतका बंदोबस्त असताना प्रवाळ मरतायत का? याचं मुख्य उत्तर एका शब्दात देता येतं: उष्णता. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवाल आणि प्रवाळ यांचा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडतं, आतला चुन्याचा सांगाडा पांढरा दिसू लागतो. प्रवाळ त्या क्षणी मेलेला नसतो, उपाशी असतो. उपाशी घरात पहारेकऱ्याचा पगार सगळ्यात आधी थकतो. चिकट थर पातळ होतो, आणि त्याच गरम पाण्यात व्हिब्रिओ मात्र जोमाने वाढतात. १९९९ च्या उन्हाळ्याअखेर भूमध्य समुद्राच्या वायव्य भागात, फ्रान्स-इटलीच्या किनाऱ्यालगत, पाणी असंच तापलं तेव्हा समुद्रपंखे आणि खुद्द लाल पोवळंही मोठ्या प्रमाणावर मेलं. लाल पोवळ्यात तर शैवालही नसतं. म्हणजे कोरल मर्चंट स्ट्रीटवर ज्याचा व्यापार चाले, त्यालाही उष्म्याने सोडलं नाही.

चेन्नईच्या किनाऱ्याला प्रवाळभित्ती नाही. मरीनावर वाळू, कणसं आणि गर्दी. पण तमिळनाडूची प्रवाळ-बेटं फार लांब नाहीत. रामेश्वरम ते तुत्तुकुडीच्या दरम्यान मन्नारच्या आखातात २१ बेटांची रांग आहे, १९८६ पासून तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. मद्रासशी त्यांचं नातं जुनं. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयाचे एडगर थर्स्टन यांनी १८९० मध्येच या आखातातल्या मोती-शंखांवर आणि सागरी जीवांवर टिपणं छापली होती आणि १९२७ मध्ये याच संग्रहालयाने क्रुसडै बेटाच्या किनारी जीवांवर ग्रेव्हली यांच्या काळात मोठं बुलेटिन काढलं. त्यानंतर कित्येक वर्षं याच बेटांभोवतीचे प्रवाळ चुन्यासाठी आणि बांधकामासाठी पहारीने फोडून नेले गेले. २१ पैकी दोन बेटं आज पाण्याखाली आहेत. २००१ मध्ये प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातलं, म्हणजे कायद्याने वाघाच्या बरोबरीला बसवलं. म्हणून यात्रेहून येताना कुणी ‘शोभेचा पांढरा दगड’ विकू लागलं तर तो घेऊ नका, तो गुन्हा आहे.

खाणकाम थांबलं तशी भित्ती सावरू लागली. आणि मग २०१० चा उन्हाळा आला, मग २०१६ चा. तुत्तुकुडीच्या सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्थेचे पाणबुडे तिथे वर्षानुवर्षं मोजणी करतात. त्यांच्या हिशोबाने २०१६ च्या आधी तळावर जिवंत प्रवाळ सुमारे ३९ टक्के होता, त्या उन्हाळ्यानंतर सुमारे २३ टक्के उरला.

उष्णतेचा कारभार मोठ्यांच्या हाती, आपण काय करणार, असं म्हणून हा विषय सोडता आला असता. पण एक भाग थेट आपल्या न्हाणीघरापर्यंत येतो. न्हाणीच्या कोपऱ्यात कधीकधी गुलाबीसर बुळबुळीत थर धरतो ना? त्यात अनेकदा सेराशिया मार्सेसेन्स हा जिवाणू असतो. तो माणसाच्या आतड्यातही असतो आणि इस्पितळांत उपद्रव करतो. फ्लोरिडात त्याच अ‍ॅक्रोपोरावर पांढरे फोड येऊन प्रवाळ मरत होते. २००२ मध्ये तिथे हा जिवाणू सापडला आणि २०११ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं, की माणसांच्या सांडपाण्यातलाच वाण प्रवाळाला आजारी पाडतो. प्राण्यांचे रोग माणसांना होतात हे आपण सगळे ऐकून आहोत. हा उलटा प्रवास.

प्लॅस्टिकचं तसंच. २०१८ मध्ये आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ भित्तींवरचे सुमारे १ लाख २४ हजार प्रवाळ तपासले गेले. प्लॅस्टिक नसलेल्या प्रवाळांत आजाराची शक्यता ४ टक्के होती, प्लॅस्टिक अडकलेल्यांत ८९ टक्के. पिशवी किंवा तुटकं जाळं अंगावर घासतं, जखम होते, ऊन आणि प्राणवायू अडतो. मग चिकट थराचा काय उपयोग, कातडीच फाटली तर!

कातडी फाटण्याची गोष्ट निघाली म्हणून मालवणचं सांगायलाच हवं, कारण मे महिन्यात तुमच्यापैकी निम्मे तिथेच असता. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खरेखुरे प्रवाळ आहेत. गोव्याच्या त्याच समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये तिथल्या टर्बिनेरिया प्रवाळावर सांगाड्याच्या वेड्यावाकड्या गाठी नोंदवल्या आणि २०२० मध्ये हौशी डायव्हिंगमुळे होणाऱ्या मोडतोडीबद्दल लिहिलं. पाण्यात उतरलेला माणूस घाबरला की पाय टेकायला जागा शोधतो, आणि टेकतो तो नेमका प्रवाळावर. मुलांना पाण्यात नेण्याआधी तरंगायला शिकवा आणि नाववाल्याला आधीच सांगा, की हातात धरून फोटो काढायला प्रवाळ नको.

समुद्रगवताची कुरणं मात्र या बाबतीत मोठी मदतनीस ठरलीत. इंडोनेशियात २०१७ मध्ये दिसलं, की गवताच्या शेजारच्या भित्तींवर प्रवाळांचे आजार निम्म्याने कमी असतात, कारण गवताच्या पट्ट्यात रोगकारक जिवाणू कमी होतात. हे संशोधन सुरू झालं तेही मजेशीर कारणाने. तिथे आधी गेलेल्या शास्त्रज्ञांनाच हगवण लागली होती! मन्नार-पाल्कच्या उथळ पाण्यात अशी कुरणं आहेत. पाल्क उपसागरात तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये समुद्रगाईसाठी, म्हणजे डुगाँगसाठी, राखीव क्षेत्र केलं. गवत राखलं जाईल ते तिच्या चरण्यासाठी, पण शेजारच्या प्रवाळालाही ते उपयोगी पडेल.

आणि आजारी प्रवाळाला औषध देता येतं का? येतं. २०१४ मध्ये मायामीजवळ एक नवा रोग दिसला, जो वीसहून जास्त जातींच्या दगडी प्रवाळांची कातडी सोलून काढत कॅरिबियनभर पसरला. जंतू नेमका कोणता, यावर अजून एकमत नाही. पण अ‍ॅमॉक्सिसिलिन, तेच जे आपल्या मुलांना घसा दुखला की कधीकधी लिहून देतात, ते एका मलमात कालवून पाणबुडे जखमेच्या कडेवर हाताने लावतात. लावलेली जखम बहुतेक वेळा थांबते. त्याच प्रवाळावर दुसरीकडे नवी जखम उगवू नये याची खात्री मलम देत नाही. म्हणून काही महिन्यांनी तोच पाणबुडा मलम घेऊन त्याच धोंड्यापाशी पुन्हा उतरतो आणि मागच्या वेळी न दिसलेल्या कडा शोधत बसतो.